पांढरं ते पथ्याचं

मामांच्या घरात चायनीज शिरलं ते औषध म्हणून. आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात. माझी सून तर म्हणते, "आई, तुम्ही काहीही सांगता." ही माझी सून रोज सकाळी बागेत फेऱ्या मारते, भातावर तूप घेत नाही, आणि शुक्रवार आला की हॉटेलातून नूडल्स मागवते. वर मलाच पटवते की त्यात भाज्या किती असतात, मसाला कसा नसतो, सगळं कसं पोटाला हलकं. मी गप्प बसते. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईने डाएटवर काय बोलायचं? पण मनात म्हणते, बाई गं, हे सगळं मी माझ्या मामांच्या घरात ऐकलंय, आणि तेव्हाही ते तितकंच खोटं होतं. भाज्या म्हणे! कोबी, कोबी आणि कोबी, आणि साक्षीला सिमला मिरचीचा एक तुकडा.

मी मुलुंडला मामांकडे आले तेव्हा मला त्या घराबद्दल एकच गोष्ट नीट कळत होती, की इथून आपल्याला परत पाठवता कामा नये. गावी वडील नव्हते, आई दुसऱ्यांच्या काजूंच्या बागेत जायची, आणि पाठची भावंडं मी पाठवलेल्या पैशांवर वाढत होती. मामांनी "चेडवाक माझ्याकडे धाड", पोरीला माझ्याकडे पाठव, असं म्हटलं, माझ्या राहण्याखाण्याचा कधी उच्चार केला नाही, आणि ते स्वतः वॉचमन होते त्या औषधांच्या कंपनीत मला पॅकिंगला लावून दिलं. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, एवढंच काम. संध्याकाळी घरी आले की स्वयंपाक माझा. तो कुणी माझ्यावर लादला नव्हता. मीच ओढून घेतला होता. ज्या घरात आपण उपकाराखाली राहतो त्या घरात हात रिकामे दिसले की आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. मामी नळाची बादली उचलायला वाकली तरी मी धावत जाऊन ती उचलायचे, की ही आता म्हणणार, पोरगी बसून राहते.

मामा आधी गिरणीत होते, सायझिंग खात्यात. सायझिंग म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावायची, म्हणजे ते ताठ होतं आणि तुटत नाही. गिरणी बंद पडली आणि खळ लावणारा माणूस गेटवरच्या खुर्चीत येऊन बसला. ती खुर्ची त्यांना कधी मानवली नाही. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, मामा कशालाही चांगलं म्हणत नसत. मुंबईचे आंबे म्हणजे बटाटे, मुंबईचे मासे म्हणजे बर्फातली मढी, टीव्हीवरचा बातम्या देणारा म्हणजे "तोंडात मूग धरलेलो". मामीने जीव ओतून केलेल्या तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यालासुद्धा ते पहिल्या घासाला नाव ठेवायचे आणि मग टोप पुसून खायचे. आम्ही त्यालाच पसंती समजायचो. त्यांनी नाव ठेवलं नाही तर मामी विचारायची, "बरा नाय वाटत काय तुमका?"

आणि मीठ. मामांसारखा मीठ खाणारा माणूस मी पाहिला नाही. ताटात डाव्या बाजूला मिठाची चिमूट असायचीच, शिवाय खारा बांगडा, मिठातली कैरी, भाजलेलं सुकट. सकाळच्या पेजेबरोबर खाऱ्यातलं काहीतरी लागायचंच. त्या सुक्या मासळीचा वास गॅलरीभर जायचा, आणि त्यांचा मुलगा नंदूदादा ऑफिसचा शर्ट घालून नाकाला रुमाल लावून उभा राहायचा. नंदूदादा बीकॉम झालेला, विमा कंपनीत कारकून. त्याच्या ऑफिसातली माणसं शनिवारी हॉटेलात जेवायची. तो घरात इंग्रजी मासिकं आणायचा आणि त्यांतली वाक्यं आम्हाला मराठीत करून सांगायचा.

एका दुपारी मामा ड्युटीवर असताना गेटपाशीच कोसळले. मला खात्यातून बोलावून आणलं. पाणी मारल्यावर ते शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते, "माका काय झाला नाय, ह्या ऊन साला मुंबईचा." पण डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि मामीला बाजूला घेऊन सांगितलं, मीठ बंद. कमी नाही, बंद. लोणचं, पापड, सुकी मासळी, काही नको. नाहीतर पुढच्या वेळी हा माणूस उठणार नाही.

मामीने त्या दिवशी सुक्या मासळीचा डबा खालच्या कोळणीला देऊन टाकला. बरण्या शेजारी गेल्या. मिठाचा सट तिने धुऊन उपडा घातला आणि सगळ्या घरानेच अळणी जेवायचं असं ठरवलं. स्वयंपाक माझा, म्हणून ते अळणी जेवण माझ्या नावावर गेलं. मी लिंबू पिळायचे, लसूण वाढवायचे, कोकमं जास्त घालायचे. काही उपयोग नाही. मामा ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चेडवा, ह्या जेवाण काय म्हशीचा आंबोण?" दोन घास खाऊन उठायचे. मला वाटायचं, माझ्या हातामुळे हा माणूस उपाशी मरणार आणि मग मला कोण ठेवून घेणार?

तेव्हा नंदूदादाने चायनीज काढलं. स्टेशनजवळ एक उडपी हॉटेल होतं, त्याच्या मालकाने वरचा मजला लाल रंगवून, कागदी कंदील टांगून तिथे चायनीज चालू केलं होतं. खाली इडली, वर चीन. नंदूदादा आईला म्हणाला, "मम्मी, बघ ना, त्यात हळद नाही, तिखट नाही, खोबरं नाही. सगळं उकडलेलं. सूप, भाज्या, भात. चिनी लोक म्हातारे झाले तरी बघ कसे टुणटुणीत. बाबांना हेच पाहिजे यार."

मामीला ते चटकन पटलं, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण पांढरं. पेज, मऊ भात, भाजीचं पाणी. हळद-मिरची-खोबरं काढलं की ते पथ्याचं झालं. मामीच्या डोक्यात जेवणाचे दोनच प्रकार होते, लाल आणि पांढरं. लाल ते निरोग्याचं, पांढरं ते पथ्याचं. नंदूदादाने सांगितलेलं सगळं पांढऱ्यात बसत होतं. तिने स्वतः मात्र तिथे पाय टाकला नाही. "बेडूक शिजवतत त्या टोपात," म्हणायची. पार्सलही घरात येऊ द्यायची नाही, आपली भांडी बाटतील म्हणून. आणि मला तर त्या लाल दिव्यांच्या माडीवर पाठवायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जे औषध मामांना चालू झालं ते घरातल्या दोन्ही बायकांनी जिभेवर ठेवून बघितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी नंदूदादाबरोबर जाऊन आल्यावर मामांनी गॅलरीत उभं राहून जो तमाशा केला तो मला अजून आठवतो. शेजारपाजारची चार माणसं गोळा झाली. मामा म्हणाले, "सूप म्हणून काय हाडल्यान, सांगू? खळ! अरे, आमच्या खात्यात पिंपा भरून असायची ती. मक्याच्या पिठाची, गरम गरम. आम्ही ती सुताक लावू, हे साले वाडग्यात घालून माणसाक पाजतत." शेजारचे परबकाका हसत म्हणाले, "मग प्यायलास की नाही, वसंता?" मामा म्हणाले, "पियालंय. पोटात माग चालू झालो." मग नूडल्सची पाळी. "ता तर गिरणीतला वेस्ट. तुटलेला सूत गुंडाळून कोपऱ्यात टाकतत ना, ताच. वरना काळा पाणी मारलेला. आणि काट्यान खावचा! सूत काय मी काट्यार गुंडाळीत बसू?" सगळी गॅलरी हसली. मीसुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी मामांच्या तोंडाला धार आली होती.

पुढच्या शनिवारी ते परत गेले. मग नंदूदादाशिवाय, ड्युटी सुटल्यावर, एकटे जायला लागले. दर वेळी येऊन शिव्या घालायचे. मंचुरियन म्हणजे चिखलातल्या गोट्या, फ्राइड राइस म्हणजे काल उरलेल्या भाताला दिलेली फोडणी, तीसुद्धा विसरलेली. आणि दर वेळी परत जायचे. घरी ते ताटाला नुसता हात लावायचे. मामी म्हणायची, "असू दे. तिथे पथ्याचा जेवतत ना? झाला तर." नंदूदादा एखादी मोठी कामगिरी केल्यासारखा आरशात भांग पाडायचा.

आज मागे वळून बघताना मला त्या हॉटेलापेक्षा त्या 'पथ्याचा' राग जास्त येतो. तळलेल्या भज्याने कुणाला फसवलं नाही. भजं तेलात पोहतं, सगळ्यांसमोर पोहतं, खाणाऱ्याला माहीत असतं आपण काय करतोय. पण हे हॉटेलातलं चायनीज म्हणजे आजाऱ्याचे कपडे घालून आलेला भामटा. पांढरं दिसतं, मऊ दिसतं, वाफ येते, वर हिरवी पात. हेल्दी आहे का म्हणून विचारता? चीनमध्ये ते लोक घरी काय खातात मला ठाऊक नाही, चांगलंच खात असतील. मी आमच्या स्टेशनावरच्या माडीबद्दल बोलतेय, जिथे भाज्या कढईत पडायच्या आणि दिव्याखाली चमकतील एवढ्या तेलातून बाहेर यायच्या, आणि चव म्हणून जे काही होतं ते बाटलीतून यायचं.

मामांचे पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा पायात रुतायचा. डॉक्टरांनी पुन्हा बीपी मोजलं आणि मशीनकडे न बघता मामीकडे बघितलं. "मीठ चालू आहे."

मामी म्हणाली, "देवाशपथ सांगतंय डॉक्टर, माझ्या घरात मिठाचो कण नाय."

"पापड? फरसाण? वडा-बिडा खातात बाहेर?"

"काय नाय. बाहेरचा काय नाय."

तिला खोटं बोलायचं नव्हतं. चायनीज तिच्या हिशेबी बाहेरचं खाणं नव्हतंच, ते गोळ्यांच्या रांगेत बसलेलं होतं. गोळी खाता का विचारलं तर ती हो म्हणाली असती. मामा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टर म्हणाले, "मग मीठ काय हवेतून येतं? घरात कुणीतरी लाड करतंय यांचे. वेळेत शोधून काढा."

डॉक्टरांकडचं हे बोलणं मामीने मला मागाहून सांगितलं; ती घरी आली तेव्हा मी चुलीपाशी होते, दुधी चिरत होते. ती दारातूनच म्हणाली, "शाले, तूच घालतंस काय चोरून?"

माझ्या हातातली फोड विळीवरच राहिली. मी म्हटलं, "नाही हो मामी."

"मग कोण घालता? मी? स्वयंपाक कोण करता ह्या घरात? मामा जेवत नाय म्हणून तुझा तोंड एवढासा व्हायचा, ता मी बघूक नाय काय? माया दाखवतंस! मायेन माझो घोव मारतंस!"

तिचं बोलणं तिच्या जागी बरोबर होतं. कुणालाही हेच वाटलं असतं. नंदूदादा मध्ये पडला, पण कसा? "मम्मी, तिला कळत नसेल गं. शिकलेली नाही ना ती. शालू, खरं सांग, चिमूटभर पण घातलंस ना, तरी बाबांची वाट लागेल."

मामी म्हणाली, "आपल्या वाडीतलो गणू सोमवारी गावाक जाताहा. ह्या चेडवाक त्याच्याबरोबर धाडतंय."

मी मामांकडे बघितलं. ते खाटेवर बसून सुजलेला पाय दाबत होते. मान खाली. मी एवढंच म्हटलं, "मामा, तुम्ही तरी सांगा ना." त्यांनी मान वर केली नाही. ज्या माणसाने टीव्हीवरच्या माणसालाही कधी सोडलं नाही, त्याला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही. मी दुधी तसाच चिरत राहिले. गावाला जाऊन आईला काय सांगणार होते मी? की तुझ्या भावाच्या जिवावर उठलेली पोर परत आली म्हणून?

रविवारी सकाळी मी माझे कपडे पिशवीत भरत होते. मामा अंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चला. सगळी. आज दुपारचा जेवाण त्या चायनीजात."

मामी म्हणाली, "माका नको ता बेडकांचा. तुम्ही जावा तुमच्या पथ्याक."

"तू नाय इलंस तर मी पथ्य सोडलंय. आजपासून. चल म्हणतंय ना! चेडवा, तू पण."

मामांचा आवाज असा होता की मामीने पदर खोचला आणि निघाली. उडप्याच्या इडलीच्या वासातून आम्ही जिना चढलो. वर भर दुपारी अंधार. खिडक्यांना काळा कागद, लाल कंदिलात मिणमिणते बल्ब, कोपऱ्यात एका काचेच्या पेटीत एकच मासा, तोही पोहायचं विसरलेला. टेबलावरचं प्लॅस्टिक कोपराला चिकटत होतं. मामी खुर्चीच्या टोकावर बसली, साडी आवळून, जणू खुर्चीलाही बेडूक लागलेला असेल. नंदूदादा मेनूकार्ड उघडायला लागला तर मामांनी ते मिटवलं. वेटर मुलगा मामांना बघून हसला. काही न सांगताच एक सूपचं वाडगं घेऊन आला, आणि त्याच्या शेजारी काळ्या सॉसची एक बाटली ठेवून हिंदीत म्हणाला, "अंकल, आपका वाला. नमक भी लाऊँ?"

"आज नको," मामा म्हणाले. त्यांनी वाडगं उचललं आणि मामीसमोर ठेवलं. "चाख."

"मी नाय चाखूचंय."

"बेडूक नाय त्यात. चाख गो. एक चमचो."

मामीने डोळे मिटून चमचा तोंडाला लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी तिला भाजलं, मग ती थांबली. तिने चमचा पुन्हा बुडवला, या वेळी डोळे उघडे ठेवून. मग तिने ती काळी बाटली उचलली, बोटावर एक थेंब घेतला आणि जिभेला लावला. आम्ही सगळे महिनोन्महिने अळणी जेवत होतो. अळणी जिभेला मीठ कसं लागतं हे ज्याने तसं जेवून बघितलंय त्यालाच कळेल.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हेच्यात मीठ हा."

"मीठ नाय. भांडुपचा अख्खा मिठागर हा."

नंदूदादा म्हणाला, "नाही बाबा, ती सॉसची चव असते. सोयाबीनचा सॉस तो. मी पण खातो ना."

"तू गप रव. नुसत्या अळण्यार कधी रवलंस तू? घरात अळणी, ऑफिसात वडापाव. तुझी जीभ काय सांगतली?" मग मामा मामीकडे वळले, आणि मी ते तसे कधी बघितले नव्हते. "माका पयल्या घासाक कळला होता. पयल्या दिवशी. म्हणान तर येत होतंय. नायतर ही खळ कोण गिळता गो? हेका काय चव हा? मीठ होता म्हणान गिळलंय. डॉक्टरान इचारल्यान तेव्हापण माका म्हायत होता." मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चेडवान एक कण घालूक नाय. हेका गावाक धाडू नको. धाडूचा तर माका धाड."

वेटर येऊन विचारून गेला, अजून काय आणू? मामी म्हणाली, "काय नको. ह्या पण उचल." मग नंदूदादाने पुटपुटल्यासारखं म्हटलं, "पण भाज्या तर असतात ना त्यात…" मामीने त्याच्याकडे असं बघितलं की पुढे लग्न होईपर्यंत त्याने घरात कुठल्याच मासिकातलं काही वाचून दाखवलं नाही.

जिना उतरताना मामांना धाप लागली. मामीने त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने, मागे न बघता, माझं मनगट धरलं. माफी वगैरे मागायची तिची रीत नव्हती. रस्ता ओलांडल्यावर म्हणाली, "गणू जाऊंदे एकटो. तुझे कपडे पिशवीतसून काढ, चुरगळतले." एवढंच. मला तेवढ्यात रडू फुटलं. भर रस्त्यात, भाजीवाल्यांच्या मधून मी रडत चालले होते आणि मामी मला दटावत होती, "गप गो, लोकां काय म्हणतली, पोरीक मारल्यानी म्हणान."

त्या संध्याकाळी मी पुन्हा दुधीच केला. लसूण, कोकम, मीठ नाही. आता मामांकडे दुसरी कुठलीच जागा उरली नव्हती. जे काही खायचं ते माझ्या हातचं आणि असंच, आणि ते त्यांनी माझ्यासाठी ओढवून घेतलं होतं. मी ताट वाढून पुढे ठेवलं आणि बाजूला उभी राहिले, नेहमीच्या टोमण्याची वाट बघत. म्हशीचं आंबोण, हॉस्पिटलातला गिळगिळा, काहीतरी. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, दुधीत बुडवला, चावून चावून गिळला आणि म्हणाले, "बरा झाला हा."

मामीने आणि मी एकमेकींकडे बघितलं; मामांनी कशाला चांगलं म्हटलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सगळं ताट संपवलं आणि अजून थोडी भाजी मागितली.

पुढे कित्येक वर्षं ते माझ्या हातचं अळणी जेवले, माझं लग्न होईपर्यंत, आणि नंतर मी माहेरपणाला गेले की तेव्हाही. पायांची सूज उतरली, गेटवरची खुर्ची त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवली. आंब्यांना, माशांना, मंत्र्यांना, जावयाला, सगळ्यांना नावं ठेवली. माझ्या त्या जेवणाला मात्र कधी ठेवलं नाही. प्रत्येक ताटाला मी वाट बघायचे, की आता तरी हा माणूस म्हणेल, काय घाण केलंस चेडवा. त्यांनी म्हटलं नाही. शेवटपर्यंत "बरा झाला हा" म्हणत ते सगळं गिळत राहिले.